मनुष्य थोर कशानें ?

मुलांनो, अशी कल्पना करा कीं, एका खेड्यांतील एका घरीं एकाच पहाटे दोन जीव जन्मास आले. गोठ्यांत गाय व्याली आणि तिला वासरूं झालें; आणि इकडे घरांत बाळंतिणीच्या खोलींत त्या घरच्या सुनेला बाळ झालें. उजाडतांच घरांतलीं मुलें आधीं गोठ्याकडे धांवलीं. पाहतात तों वासरूं चारी पायांवर उभें ! त्याचे पाय लटपटत होते, एकदां दोनदां तें कोलमडलेंही. परंतु थोड्याच वेळांत तें आपल्या बळानें गाईच्या कासेला जाऊन भिडलें. मग तीं मुलें बाळाला पाहावयास गेलीं. बाळ दुपट्यांत गुंडाळलेलें होतें. उभें राहणें तर दूरच, त्याला आपली मानसुद्धां सांवरतां येत नव्हती. भूक लागली कीं रडावें, पोट भरलें कीं झोपावें, याखेरीज त्याला कांहींच ठाऊक नव्हतें.

घरांतील धाकटी मुलगी हें सारें पाहून विचारांत पडली आणि आजीला म्हणाली, "आजी, आपलें बाळ वासरापेक्षां मठ्ठ आहे का ग ?"

आजी हंसली आणि म्हणाली, "मठ्ठ नव्हे ग बाळे ! वासरूं शिकून आलें आहे, आपल्या बाळाला अजून सारें शिकायचें आहे."

धाकटीचें एवढ्यानें समाधान झालें नाहीं. मनुष्य हा सर्व प्राण्यांत श्रेष्ठ असें मोठीं माणसें नेहमीं सांगतात. आणि हा श्रेष्ठ प्राणी तर जन्मतः स्वतःची मानही धरूं शकत नाहीं! मग मनुष्य थोर तो कशानें ?

प्रश्न लहान मुलीचा असला, तरी तो लहान नाहीं. मोठमोठ्या पंडितांनीं त्याचीं उत्तरें शोधिलीं आहेत, आणि शोधलेलीं उत्तरें त्यांना पुष्कळदां बदलावींही लागलीं आहेत. आज त्या प्रश्नाचाच थोडा विचार करावयाचा आहे.

प्रथम शरीराचें बळ घेऊं. यूसेन बोल्ट या धावपटूनें इ. स. २००९ मध्यें बर्लिन येथें १०० मीटरांचें अंतर ९.५८ सेकंदांत तोडलें, तेव्हां साऱ्या जगानें तोंडांत बोट घातलें. परंतु इ. स. २०१२ मध्यें अमेरिकेंतील सिनसिनाटी येथील प्राणिसंग्रहालयांतल्या एका चित्त्याच्या मादीनें तेंच अंतर ५.९५ सेकंदांत तोडून दाखविलें. आणि तिला त्याबद्दल पदकही नको होतें! हत्तीचें बळ, घारीची नजर, कुत्र्याचें नाक, माशाचें पोहणें, यांतील एकाही बाबतींत मनुष्याचा पहिला क्रमांक लागत नाहीं. त्याच्या अंगावर थंडी निवारण्यापुरती लोंकर नाहीं, आणि शत्रूला फाडावयास नखें नाहींत. अंगच्या बळावर श्रेष्ठपणा ठरवावयाचा, तर मनुष्याला मागल्या बांकावर बसावें लागेल.

बरें, मग कौशल्य घेऊं. पावसाळ्यांत विहिरीच्या कांठच्या बाभळीवर लोंबणारें सुगरणीचें घरटें तुमच्यापैकीं कित्येकांनीं पाहिलें असेल. त्याला आपण सुगरणीचें घरटें म्हणतों. पण तें विणतो तो नर. गवताच्या आणि भाताच्या पातीच्या लांब चिरफळ्या काढून, त्यांना चोंचीनें गांठी मारून, तो असें घर विणतो कीं, वादळवाऱ्यांतही तें सहसा तुटून पडत नाहीं. त्याच्यापाशीं सुई नाहीं, दोरा नाहीं, आणि दोन हातही नाहींत ! परंतु एक गोष्ट ध्यानांत घ्या. ही कला बव्हंशीं त्याच्या रक्तांतच आलेली असते. सरावानें तिला सफाई येते, इतकेंच. आजची सुगरण पूर्वींच्या सुगरणीपेक्षां निराळें घर बांधीत नाहीं. घरट्याला कोणी दुसरा मजला चढविला नाहीं, कीं कोणी खिडकी ठेविली नाहीं.

कोणी म्हणेल, मनुष्य हत्यारें करतो, तीं दुसरा कोणताही प्राणी करीत नाहीं. विद्वान् लोकही पूर्वीं असेंच समजत असत. इ. स. १९६० मध्यें जेन गुडाल नांवाची एक इंग्रज तरुणी आफ्रिकेंतील टांगानिका सरोवराच्या कांठीं, गोंबेच्या रानांत, चिंपांझी वानरांचें निरीक्षण करीत राहिली होती. एके दिवशीं तिनें पाहिलें, तों एक चिंपांझी वाळवीच्या वारुळापाशीं बसला होता. तो गवताची काडी वारुळाच्या भोकांत घाली, तिला वाळवी चिकटली कीं काडी हळूच बाहेर काढी, आणि वाळवी मटकावी. पुढें तिनें असेंही पाहिलें कीं, हे वानर डहाळी मोडून तिचीं पानें ओरबाडून टाकतात, आणि मग ती कामाला लावतात. डहाळीचें हत्यार करणें म्हणजे हेंच नव्हे काय ? ही बातमी पसरतांच मनुष्याची जुनी व्याख्या पंडितांना पुन्हां तपासावी लागली.

मग भाषा ? तिचाही थोडा अंश इतर प्राण्यांत आहे. मधमाशी पोळ्यावर एक प्रकारचा नाच करून, फुलें कोणत्या दिशेला आणि किती दूर आहेत, तें आपल्या सोबतिणींना कळविते. हें कोडें कार्ल फॉन फ्रिश या शास्त्रज्ञानें उलगडलें, आणि इ. स. १९७३ मध्यें त्याला नोबेल पारितोषिकाचा मान मिळाला. केनियांतील व्हर्व्हेट जातीचीं माकडें बिबळ्या दिसला तर एक आवाज काढतात, गरुड दिसला तर दुसरा आणि साप दिसला तर तिसरा. आणि ऐकणारीं माकडें त्या त्या आवाजाप्रमाणें झाडावर चढतात, आकाशाकडे पाहतात, किंवा मागच्या पायांवर उभीं राहून गवत न्याहाळतात. तेव्हां प्राणी मुके आहेत असें म्हणणें हा त्यांच्यावर अन्याय होय. मात्र "काल बिबळ्या आला होता, तो कशानें आला असेल बरें ?" हा विचार सोबत्यांना सांगतांना अजून कोणतेंही माकड आढळलेलें नाहीं. जें समोर नाहीं, जें होऊन गेलें, जें अजून व्हावयाचें आहे, आणि जें कधींच होणार नाहीं, त्या सर्वांविषयीं बोलणें हें मनुष्याच्याच वांट्याला आलें आहे.

आतां एका माकडिणीची गोष्ट ऐका. जपानांतील कोशिमा नांवाच्या लहानशा बेटावर शास्त्रज्ञ तेथील माकडांना रताळीं घालीत असत. रताळीं वाळूंत पडत, आणि माकडें तीं वाळूसकट खात. इ. स. १९५३ मध्यें दीड वर्षाच्या एका माकडिणीनें आपलें रताळें ओढ्यावर नेलें आणि पाण्यांत धुऊन मग खाल्लें. शास्त्रज्ञांनीं तिचें नांव इमो असें ठेविलें होतें. इमोचें पाहून तिच्या सवंगड्यांनीं आणि तिच्या आईनें तीच रीत उचलली. हळूहळू ती कळपांत पसरली. म्हाताऱ्या नरांनीं मात्र ती फारशी उचलली नाहीं ! पुढें माकडें रताळीं समुद्राच्या खाऱ्या पाण्यांतही धुऊं लागलीं. खारट चव त्यांना बहुधा आवडली असावी. इमोच्या मागून आलेल्या पिढ्यांनीं ती चाल पुढें चालविली. म्हणजे एकानें शोधावें आणि दुसऱ्यानें शिकावें, ही गोष्टही केवळ मनुष्याची नव्हे.

येथें धाकटी कंटाळून म्हणेल, "मग आपल्यापाशीं निराळें असें राहिलें तरी काय ?" राहिलें आहे, आणि तें फार मोठें आहे. माकडांची गाडी रताळ्यापाशीं थांबली. मनुष्याची गाडी थांबत नाहीं. एकानें शोधिलेलें दुसरा शिकतो, शिकतां शिकतां त्यांत तो आपली थोडी भर घालतो, आणि तें सारें गांठोडें तिसऱ्याच्या स्वाधीन करतो. तिसऱ्याला पहिल्यापासून आरंभ करावा लागत नाहीं. दुसरा जेथें थांबला तेथून तो पुढें निघतो. थेंबें थेंबें तळें सांचे म्हणतात, तसें मनुष्याचें ज्ञान सांचत जातें. मनुष्य मरतो, पण तो जें शिकला आणि ज्यानें त्याला हात दिला, तें सर्व त्याच्याबरोबर मरत नाहीं. मनुष्याचें निराळेपण कोठें असेल तर तें मुख्यत्वें येथें आहे.

याचें एक उदाहरण तुमच्या पाटीवरच आहे. पहिलींतलें मूल "१०" हा आंकडा लिहितें. एकावर पूज्य, दहा ! किती सोपें ! परंतु प्राचीन रोमन लोकांनीं एवढें मोठें साम्राज्य चालविलें, मोठमोठे पूल आणि रस्ते बांधिले, तरी त्यांच्या आंकड्यांत शून्याला चिन्ह नव्हतें. आपल्या देशांत ब्रह्मगुप्तानें इ. स. ६२८ मध्यें लिहिलेल्या ग्रंथांत शून्याची बेरीज, वजाबाकी कशी करावी याचे नियम सांगितले. ग्वाल्हेरच्या किल्ल्यावरील एका लहान मंदिरांत इ. स. ८७६ चा शिलालेख आहे. त्यांत २७० हा आंकडा शून्यासकट कोरलेला आजही दिसतो. ही विद्या येथून अरबांकडे गेली. आणि इटलींतील पिसा शहरच्या लिओनार्डोनें इ. स. १२०२ मध्यें तिच्यावर पुस्तक लिहून ती आपल्या लोकांना समजावून दिली. तेव्हां ज्या वेळीं सहा वर्षांचें मूल पाटीवर दहा लिहितें, त्या वेळीं कितीतरी देशांतील कितीतरी माणसें त्याचा हात धरून तो आंकडा गिरवीत असतात. त्या मुलाला हें ठाऊकही नसतें.

दुसरें उदाहरण आजीच्या दंडावर आहे. आजीच्या वयाच्या पुष्कळ माणसांच्या दंडावर एक वाटोळा वण असतो; तो देवी टोंचल्याचा. देवीच्या रोगानें पूर्वीं गांवेंच्या गांवें ओस पडत. जीं माणसें वांचत त्यांतलीं कित्येक आंधळीं होत. इंग्लंडांतील गवळणींना गाईपासून होणारी सौम्य देवी येऊन गेली कीं, पुढें ही भयंकर देवी येत नाहीं, ही गोष्ट तेथील खेड्यांतले लोक बोलत असत. एडवर्ड जेन्नर या डॉक्टरानें ती हंसण्यावारी नेली नाहीं, इ. स. १७९६ मध्यें त्यानें प्रयोग करून पाहिला आणि लस निघाली. पुढें जगांतील असंख्य लोकांनीं, एकमेकांशीं वैर असलेल्या राष्ट्रांनींसुद्धां, हातभार लाविला. आपल्या देशांतील देवीचा शेवटचा रोगी इ. स. १९७५ मध्यें आढळला, आणि इ. स. १९८० मध्यें जागतिक आरोग्य संघटनेनें जाहीर केलें कीं, देवीचा रोग पृथ्वीवरून नाहींसा झाला. म्हणून तुमच्या दंडावर तो वण नाहीं. खेड्यांतल्या गवळणींचें बोलणें कोणीं ऐकून घेतलें नसतें, तर हें घडतें ना.

आतां त्या पाळण्यांतल्या बाळाकडे परत जाऊं. जन्मतां मुलाचा मेंदू मोठ्या माणसाच्या मेंदूच्या सुमारें चौथ्या हिश्श्याहून थोडा अधिक असतो. पुढें पांच सहा वर्षांत तो इतका वाढतो कीं, पूर्ण आकाराला थोडाच कमी उरतो. म्हणजे मेंदू वाढत असतो त्याच वेळीं त्याच्या कानांवर आईची ओवी पडत असते, आजीची गोष्ट पडत असते, आणि भावंडांचीं भांडणेंही पडत असतात. वासरूं बहुतेक तयार होऊन येतें, म्हणून तें लवकर उभें राहतें. मूल अपुरें येतें, म्हणूनच त्याच्यांत इतकें भरतां येतें. बाळाचा दुबळेपणा हा दोष नव्हे. ती शिकण्यासाठीं मिळालेली सवड आहे. मात्र ही सवड त्याला कोण देतें ? जे त्याला वर्षानुवर्षें सांभाळतात, भरवितात, उचलून घेतात, ते देतात. वांटून खाणारीं आणि दुबळ्याला सांभाळणारीं माणसें भोंवतीं नसतीं, तर शिकणारें मूल जगलेंच नसतें.

या सर्वाची पहिली खूण केव्हां दिसते, तें सांगूं ? मूल साधारण वर्षाचें होतें, बोलतां येत नाहीं, आणि एके संध्याकाळीं तें कडेवरून आकाशाकडे बोट करतें. त्याला चंद्र हवा असतो असें नव्हे. तें आधीं चंद्राकडे पाहतें, मग आईच्या तोंडाकडे पाहतें, आणि पुन्हां चंद्राकडे. "मीं पाहिलें, तूंही पाहा," एवढेंच त्याला म्हणावयाचें असतें. माणसांत वाढलेलें वानर हवा तो खाऊ मागण्यासाठीं हात पुढें करतें. परंतु केवळ आपला आनंद दुसऱ्याला वांटून द्यावा, म्हणून बोट दाखविणें हें त्यांच्यांत सहसा आढळत नाहीं. सारी शाळा, सारीं पुस्तकें, सारें शास्त्र त्या इवल्याशा बोटांत आहे. कारण शिकविणें म्हणजे तरी दुसरें काय ? "मीं पाहिलें, तूंही पाहा," हेंच.

आणि हें बोट दाखविणेंच कोणाच्या नशिबीं नसेल तर ? अशी एक मुलगी खरोखरच होऊन गेली. तिचें नांव हेलन केलर. ती इ. स. १८८० मध्यें अमेरिकेंतील अलाबामा प्रांतांत टस्कंबिया या गांवीं जन्मली. ती एकोणीस महिन्यांची असतांना तिला मोठा ताप आला, आणि त्या तापांत तिचे डोळेही गेले आणि कानही गेले. जें दिसत नाहीं तें दाखवितां येत नाहीं, आणि जें ऐकूं येत नाहीं तें बोलतां येत नाहीं. कांहीं खुणा ती करी. पण त्या संपल्या कीं तिला संताप येई, आणि ती हातपाय आपटी. अंधाऱ्या खोलींत कोंडलेल्या माणसासारखी तिची स्थिति झाली होती.

इ. स. १८८७ च्या मार्च महिन्यांत अ‍ॅन सलिव्हन नांवाची वीस वर्षांची शिक्षिका तिच्या घरीं आली. तिची स्वतःची दृष्टि अधू होती. तिनें हेलनच्या हातीं बाहुली दिली आणि तिच्या तळव्यावर बोटांच्या खुणांनीं बाहुलीच्या नांवाचीं अक्षरें काढलीं. हेलनला तो एक खेळ वाटला. ती त्या खुणांची नक्कल करूं लागली. पण अक्षरें हें वस्तूचें नांव असतें, हें तिला उमगेना. महिना होऊन गेला. एके दिवशीं सकाळीं चिडून तिनें नवी बाहुली जमिनीवर आपटली आणि तिचे तुकडे तुकडे केले. त्याचें तिला कांहींच वाटलें नाहीं.

मग बाई तिला विहिरीवरच्या पंपापाशीं घेऊन गेल्या. कोणीतरी पाणी काढीत होतें. बाईंनीं हेलनचा एक हात धारेखालीं धरला, आणि दुसऱ्या तळहातावर 'पाणी' या अर्थाच्या इंग्रजी शब्दाचीं अक्षरें काढलीं. आधीं सावकाश, मग भरभर. हेलन एकदम स्तब्ध उभी राहिली. हातावरून हें जें गार गार वाहत आहे त्याला नांव आहे, आणि तें नांव म्हणजेच या खुणा, हें तिच्या ध्यानांत आलें. लगेच तिनें काय केलें ? खालीं बसून तिनें जमिनीवर हात ठेवून तिचें नांव विचारलें. पंपाकडे बोट करून त्याचें नांव विचारलें. आणि मग वळून तिनें बाईंचें नांव विचारलें. बाईंनीं तिच्या हातावर लिहिलें : 'शिक्षिका'. त्या एका दिवसांत ती सुमारें तीस शब्द शिकली.

परंतु या गोष्टींतला सर्वांत महत्त्वाचा भाग यापुढेंच आहे. घरांत आल्यावर हेलनला फोडलेल्या बाहुलीची आठवण झाली. चांचपडत ती तेथें गेली, तिनें ते तुकडे उचलले आणि ते जोडूं लागली. ते कांहीं जुळेनात. तेव्हां तिच्या डोळ्यांत पाणी आलें. जन्मांत प्रथमच तिला पश्चात्ताप झाला, असें पुढें तिनेंच लिहून ठेविलें आहे. नांवें कळलीं, आणि त्यांच्या पाठोपाठ 'हें मीं काय केलें ?' हेंही कळलें. ती मुलगी इ. स. १९०४ मध्यें पदवीधर झाली, तिनें पुस्तकें लिहिलीं, देशोदेशींच्या अंधांसाठीं कष्ट केले, इ. स. १९५५ मध्यें ती आपल्या देशांतही येऊन गेली. तिची बुद्धि आधींही तिच्यापाशींच होती. तिला हात देणारें कोणी हवें होतें, इतकेंच.

म्हणून, मुलांनो, ही सांखळी तुटूं देऊं नये. आणि ती तुटते, हेंही खरें आहे. सिंधु नदीच्या खोऱ्यांत चार हजारांहून अधिक वर्षांपूर्वीं मोठीं शहरें होतीं. तेथील लोकांनीं मुद्रांवर कांहीं लिहून ठेविलें आहे. तें आज सर्वांना मान्य होईल असें कोणालाही वाचतां आलेलें नाहीं. अंदमान बेटांतील बो नांवाची भाषा अस्खलित बोलणारी शेवटची वृद्धा इ. स. २०१० च्या जानेवारींत वारली. ती बोआ सीनियर या नांवानें ओळखली जात असे. तिच्या अखेरच्या दिवसांत तिच्याशीं तिच्या भाषेंत बोलणारें कोणी उरलें नव्हतें. अन्विता अब्बी या भाषाशास्त्रज्ञ बाईंनीं तिच्या तोंडचे शब्द आणि गाणीं मुद्रित करून ठेविलीं, म्हणून त्यांतले थोडे मागें राहिले.

सांखळी कधीं आपोआप तुटते, आणि कधीं माणसेंच दुसऱ्याला तिच्यांत हात घालूं देत नाहींत. मुलींनीं शिकूं नये, अमक्या जातीनें शिकूं नये, असें आपल्याकडे शतकानुशतकें म्हटलें गेलें. ज्योतिराव फुल्यांनीं घरीं सावित्रीबाईंना शिकविलें, इ. स. १८४८ मध्यें पुण्यास भिड्यांच्या वाड्यांत मुलींची शाळा निघाली, आणि तेथें सावित्रीबाई शिकवूं लागल्या. वाटेनें जातांना लोकांनीं त्यांच्यावर शेण फेकलें. शेण फेकणाऱ्यांना वाटत होतें कीं, आपण धर्म राखतों आहों. वास्तविक जी गोष्ट मनुष्याला मनुष्य करते, तीच ते दुसऱ्याला नाकारीत होते. एखाद्या मुलाला शाळेपासून दूर ठेवणें म्हणजे त्याला हेलनच्या अंधाऱ्या खोलींत कोंडणें होय. आणि हेलनला तर तापानें कोंडलें होतें, माणसांनीं नव्हे.

आणखी एक गोष्ट सांगावयाची राहिली. हें सांठलेलें ज्ञान म्हणजे मोठें बळ आहे, आणि बळ दोन्ही बाजूंनीं चालतें. आरंभीं ज्या चित्त्याचें नांव घेतलें, तो एके काळीं आपल्या देशांतील माळरानांवर धांवत असे. मनुष्य धांवण्यांत त्याच्याशीं हरला असता. पण मनुष्यापाशीं बंदूक होती. चित्त्याची शिकार झाली, शिकारीसाठीं त्याला पकडून बांधून ठेवण्यांत आलें, त्याचीं रानें नांगराखालीं गेलीं, आणि इ. स. १९५२ मध्यें, भारतांत आतां चित्ता उरला नाहीं, असें सरकारनें जाहीर केलें. पुढें सत्तर वर्षांनीं, इ. स. २०२२ मध्यें, आफ्रिकेंतील नामिबिया देशांतून आठ चित्ते आणून मध्यप्रदेशांतील कुनो येथें ठेवण्यांत आले. त्यांतले कांहीं दगावले. कांहींना येथें पिलेंही झालीं. हेलन त्या सकाळीं बाहुलीचे तुकडे जोडूं पाहत होती, तसाच हा प्रकार आहे. तुकडे नीट जुळतील कीं नाहीं हें आज सांगवत नाहीं. परंतु 'हें मीं काय केलें ?' असें स्वतःला विचारून ते जोडावयास बसणें, हेंही मनुष्याच्या थोरवीचें एक अंग आहे. ज्याला थोर म्हणवून घ्यावयाचें आहे, त्यानें इतर जिवांचें रक्षण करावें. नाहींतर नुसतें बळ वाघालाही असतेंच.

आपल्या पूर्वजांनीं सांगून ठेविलें आहे कीं, मनुष्य ऋण घेऊन जन्मास येतो. त्यांतील एकाला ऋषिऋण म्हणतात. ज्यांनीं विद्या शोधिली त्यांचें हें देणें. तें पैशांनीं फिटत नाहीं. आपण शिकावें आणि दुसऱ्यास शिकवावें, एवढाच तें फेडण्याचा मार्ग आहे.

त्या खेड्यांतील घरीं आतां एक वर्ष लोटलें आहे असें समजा. गोठ्यांतलें वासरूं मोठें झालें आहे. तें उड्या मारतें, चरतें, आणि दाव्याला हिसडे देतें. बाळ अजून दोन पावलें टाकून मटकन् खालीं बसतें. एके संध्याकाळीं तें धाकटीच्या कडेवर होतें. गोठ्यावरून चंद्र वर आला. बाळानें बोट वर केलें, ताईच्या तोंडाकडे पाहिलें, आणि तें हंसलें. धाकटीला आजीचे शब्द आठवले. ती म्हणाली, "तो चांदोबा, बरें का, चां-दो-बा !"

बाळ तिच्या ओठांकडे टक लावून पाहूं लागलें. आणि तिकडे ओसरीवर बसलेली आजी, हातांतली वात वळावयाची थांबवून, त्या दोघांकडे पाहत राहिली.